मुडपलेला अंगठा

आज सकाळी तुम्ही गोळी घेतलीत. डोकं ठणकत होतं, पाण्याच्या घोटाबरोबर ती गिळलीत, ठणका उतरला आणि तुम्ही कामाला लागलात. दुखणं गेलं कुठे, असं तुम्ही विचारलं नाहीत. कुणीच विचारत नाही. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. वैद्याच्या आधी कोण मेलं, ते त्या म्हणीत नाही.

मनीनंही विचारलं नसतं.

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी दुधाच्या भांड्यात तोंड घालायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. कामाच्या ठिकाणी ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर हसून हसून पुरेवाट झाली असती सगळ्यांची, कारण मनी दिवसभर उंदरांतच असायची.

औषधांवर संशोधन करणाऱ्या त्या इमारतीत तिची खोली तळमजल्यावर होती. खिडकी नाही. उंदीर रात्री जागे असतात आणि माणसांना काम दिवसा करायचं असतं, म्हणून तिथे दिवसरात्र उलटी केली होती. बाहेर रणरणती दुपार असायची आणि आत मध्यरात्र. एक लाल दिवा तेवढा जळत असायचा, कारण तो उजेड उंदरांना दिसत नाही असं म्हणतात. हवेला भुशाचा, मुताचा आणि स्पिरिटचा वास. पंख्याची घरघर. आणि पिंजऱ्यांना लावलेल्या बाटल्यांतून पाणी पिताना होणारी टकटक, कधी या कोपऱ्यातून, कधी त्या.

कॉलेजात असताना हीच मनी याच इमारतीच्या फाटकासमोर फलक घेऊन उभी राहिली होती. मुक्या जिवांसाठी घसा बसेपर्यंत ओरडली होती. खोलीचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, ते हे विसरले नव्हते. “काय पुढारी, आज मोर्चा नाही वाटतं?” असं म्हणतच ते आत यायचे. मनी हसायची. हसणं सोपं पडतं.

ती इथे आली ती बाबांच्या पायामुळे.

कारखान्यात बाबांचा डावा पाय यंत्रात सापडला. गुडघ्याखालून कापावा लागला. पाय गेला, दुखणं राहिलं. जो पाय नाही, त्याच पायात. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूला पाय गेल्याचं पटत नाही. बाबा पलंगावर घामाघूम होऊन म्हणायचे, “मने, अंगठा मुडपलाय गं... शेजारच्या बोटाखाली अडकलाय. सरळ कर.”

पहिल्यांदा ती गोंधळली. मग पलंगाच्या पायथ्याशी, जिथे पांघरूण सपाट पडलेलं असायचं तिथे बसली. हवेतच दोन बोटांत तो अंगठा धरला आणि हळूहळू सरळ केला. बाबांचा श्वास खाली बसला. सोडला की पुन्हा मुडपायचा. म्हणून ती धरून बसायची. नसलेला अंगठा धरून किती वेळा उजाडलं, याचा हिशेब तिनं ठेवला नाही.

सर ज्या औषधावर काम करत होते ते अशाच दुखण्यावरचं होतं. काही माणसांवर चाचणी सुरू झाली तेव्हा सरांनीच बाबांचं नाव पुढे केलं. सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी. आठवडा उलटायच्या आत बाबा उशीला टेकून पेपर वाचू लागले. खालच्या मजल्यावरची वहिनी दिवसा वर येऊन त्यांच्यावर लक्ष ठेवायची, कडेवर तिचं तान्हं बाळ. बाबा त्याला पोटावर बसवून जोरजोरात घोरल्याचं सोंग करायचे आणि ते बोळकं उघडून हसायचं.

“कुठे गेलं असेल गं दुखणं?” एका संध्याकाळी बाबा म्हणाले. “इतकी वर्षं मुक्काम ठोकून होतं. गेलं असेल दुसरं घर बघायला.”

इकडे उंदरांवरचा अभ्यास चालूच होता. औषध टोचलेला उंदीर गरम तबकडीवर ठेवायचा आणि तो पाय उचलून चाटेपर्यंत किती वेळ जातो ते मोजायचं. चाटला की लगेच उचलून घ्यायचा. वेळ मोजायला मनीचा एक सहकारी होता, त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. आणि तुलनेसाठी काही उंदीर औषधाविना ठेवलेले असत. त्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. ते ‘कोरे’. आपली पाळी येईपर्यंत ते फडताळावर पिंजऱ्यात असायचे.

त्या दिवशी औषधवाला उंदीर तबकडीवर ढिम्म बसून होता. काटेकोर घड्याळाकडे बघत म्हणाला, “हा तर साधूच झालाय.”

मनीची नजर सहज फडताळाकडे गेली. लाल उजेडात एक कोरा मागच्या पायांवर बसला होता. त्यानं पंजे उचलले. एक चाटला. मग दुसरा. घाईघाईनं, पोळल्यासारखा.

त्याला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

“अरे, तो बघ.”

“उंदीर आहे. पाय चाटणारच,” काटेकोर मान वर न करता म्हणाला.

मग ती रोज बघू लागली. तबकडीवरचा शांत बसला की फडताळावरचा कुणीतरी पाय चाटायचा. आणि टोकाच्या पिंजऱ्यातला एक कोरा... त्याला तबकडीशी काही देणंघेणंच नव्हतं. तो सदाच डावा मागचा पाय वर धरून बसलेला असायचा. थरथरत. काटेकोर जेवायला गेला तेव्हा तिनं त्याला हातात घेऊन पाय दिव्याखाली धरला. जखम नव्हती, सूज नव्हती. पहिलं बोट तेवढं मुडपून शेजारच्या बोटाखाली अडकलं होतं.

मनीनं ते दोन बोटांत धरलं आणि हळूहळू सरळ केलं. उंदराची थरथर थांबली. त्यानं डोळे मिटले. खोलीतली टकटक एकदम बंद झाली होती. सगळे पिंजरे गप्प होते, जणू सगळ्यांचं लक्ष तिच्या हाताकडे होतं.

घरी आली तेव्हा बाबा खुशीत होते. “गंमत सांगू? आज दुपारी झोपलो होतो, आणि कुणीतरी अंगठा धरल्यासारखं वाटलं. दुखत बिखत नव्हतं काही. पण हात तुझाच होता, मने. मी ओळखतो ना.”

मनीनं कपबशी विसळायला घेतली. पाणी गार होतं की गरम, ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी तिनं गोळ्यांची डबी उघडली आणि तशीच बंद केली. अर्धवट झोपेतल्या बाबांना म्हणाली, “दिली हं मघाशीच.” त्यांनी विश्वास ठेवला.

दुपारी टोकाच्या पिंजऱ्यातला कोरा चारी पायांवर पळत होता. जाळीवर चढत होता, दाणे कुरतडत होता. इतका धडधाकट तिनं त्याला कधी पाहिला नव्हता. त्याच्याकडे बघत ती उभी असतानाच फोन वाजला. वहिनी होती. मागून येणारा आवाज मनीला ओळखीचा होता, पण तो ती विसरत चालली होती.

“बाबा ओरडतायत गं! अंगठा, अंगठा म्हणतायत. मी काय करू? बाळ घाबरलंय...”

“वहिनी, उशाशी डबी आहे. त्यातली पांढरी गोळी द्या.”

“थांब हं... दिली. पाणी पितायत.”

“फोन ठेवू नका.”

मनी फोन कानाशी धरून पिंजऱ्यासमोर उभी राहिली. पलीकडचं ओरडणं कण्हण्यावर आलं. कण्हणं उसाशांवर. जाळीवर चढलेला उंदीर मध्येच थबकला. त्याच्या तोंडातला दाणा खाली पडला. तो सरपटत कोपऱ्यात गेला, आणि डावा पाय वर उचलून बसला.

“झोपले गं,” वहिनी हळूच म्हणाली. “जादूच आहे बाई तुमची गोळी.”

मनीनं सरांना सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं.

“समजा, तू म्हणतेस ते खरं,” ते म्हणाले. “मग?”

“मग थांबवायला हवं.”

“थांबवू. औषध बंद. बाबांना कोण सांगणार? तू, की मी?”

मनी आपल्या दोन बोटांकडे बघू लागली. फाटकासमोर घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरगी ती. सरांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. “दुखणं कुणालातरी असतंच. निदान इथे ते मोजलं तरी जातं. जा, दमली आहेस.”

ती काम सोडून गेली नाही. रोज कामावर येत राहिली. काटेकोर जेवायला गेला की टोकाचा पिंजरा उघडायची आणि ते बोट सरळ करून धरायची. संध्याकाळी घरी बाबांना गोळी द्यायची. त्याच हातानं. आत काही हलायचं नाही. बधिर झालेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी, तसं ती स्वतःला चाचपून बघायची.

मग अभ्यास संपला. संपला की उंदीरही संपवतात, तो नियमच आहे. पेटीत ठेवायचे आणि वायू सोडायचा. झोपल्यासारखे जातात. काटेकोर म्हणाला, “चला, यांना सुट्टी.” आणि स्वतःच ओशाळून पेटीचं झाकण पुसू लागला.

टोकाच्या पिंजऱ्यातला शेवटी राहिला. मनीनं त्याला उचललं, बोट सरळ केलं, आणि आत ठेवलं. झाकण लावेपर्यंत त्यानं पाय पुन्हा वर धरला होता. तिच्याकडे बघत होता म्हणावं, तर तो उजेड म्हणे त्यांना दिसत नाही.

वायूची बारीक सूं सूं बराच वेळ चालली. मग खोलीत पंखा तेवढा राहिला.

घरी येताना तिनं मनाची तयारी केली होती. आता ते परत येणार. ज्याच्याकडे होतं, तोच गेला. जिना चढताना ती कान देत होती, बाबांच्या किंकाळीसाठी. पण बाबा उशीला टेकून पेपर वाचत होते.

“दुखतंय का?”

“छे! का गं?”

“दुपारी? थोडंसुद्धा नाही?”

“काय मने, दुखायला हवं होतं की काय?” ते हसले. “चहा टाक. आणि ती संध्याकाळची गोळी दे.”

मनी क्षणभर भिंतीला टेकली. संपलं होतं तर. पिंजरे रिकामे होते आणि बाबा बरे होते. कदाचित काटेकोरचंच खरं असेल, उंदीर पाय चाटणारच. आज किती दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. तिनं डबीतून गोळी काढून तळहातावर घेतली, आणि दार वाजलं.

वहिनी होती. केस सुटलेले, डोळे सुजलेले. कडेवरचं बाळ रडून रडून निळसर पडलं होतं, आता आवाज न करता नुसतं तोंड उघडत होतं.

“तुला त्या औषधांतलं कळतं म्हणून आले गं,” वहिनी म्हणाली. “दुपारपासून असं करतोय. डॉक्टरांना दाखवून आणला. ते म्हणतात काही नाही, पाय धडधाकट आहे.”

“कुठला पाय?” मनीनं विचारलं. तिच्या मुठीत गोळी ओली झाली होती.

आतून बाबांनी हाक मारली, “मने, गोळी देतेस ना?”

वहिनीनं दुपट्याच्या आत हात घालून कसलीतरी चाचपणी केली, आणि बाळानं हुंदका देऊन डोळे मिटले.

“डावा,” ती कुजबुजली. “आणि नवल बघ, अंगठा तेवढा दोन बोटांत सरळ करून धरला की गप्प होतो.”