रांगेतला तिसरा

मोरवेनाने त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि पिवळा रेनकोट त्याच्या अंगावर फेकला. न्यूलिन या कोळ्यांच्या गावी धक्क्यावर तिच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं; सकाळपासून रिपरिप चालली होती, उजेड तासाभराचा सोबती होता, आणि माशांच्या पेट्या हातोहात पुढे देणाऱ्या कोळ्यांच्या रांगेत नेमका एक माणूस कमी पडत होता.

"ए राजा, बघत काय राहिलास? तिसरा नंबर तुझा."

त्या गावात ओळख असो-नसो, सगळ्यांना राजाच म्हणतात. पण हा पाहुणा कानापर्यंत लाल झाला... आणि मुकाट रांगेत शिरला.

पाचव्या खेपेला त्याच्या हातून पेटी निसटली, बांगडे फरशीभर झाले, आणि तिचे डेन्झिलकाका, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभे राहिलेले, पोट धरून हसले. गेले चार दिवस ती ज्या हसण्यासाठी झटत होती, ते हेच!

चहाच्या वेळी त्याने ओले हात पुसत नाव सांगितलं. फर्गस. लंडनच्या चॅनेलच्या चित्रपट विभागातला. बडे निर्माते ज्या गोष्टींकडे ढुंकूनही बघत नाहीत, तिथे पैसा लावणारं ते चॅनेल. अर्धा सिनेमा त्यांच्याच जोरावर झाला होता. उरलेल्या अर्ध्याचं काय, ते पाहायला साहेब आले होते.

मोरवेनाने कप खाली ठेवला. "आधी का नाही बोललात?"

"बोलू दिलंस कुठे? आणि अरे-तुरेच चालू दे... बरं वाटत होतं."

मग तो गंभीर झाला. वरच्यांना आईच्या भूमिकेत लंडनची नावाजलेली नटी हवी होती, आणि बोलीही जरा शहरी. आईचं काम करत होती बाजारात मासळी विकणारी लोवेना.

"लोवेना नाही तर सिनेमा नाही," ती म्हणाली. "आजच कॅमेरा गुंडाळते."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "गुंडाळू नकोस. मला तीन आठवडे दे."

तीन आठवडे रोज संध्याकाळी फोन. तो शंका काढायचा, ती खोडून काढायची, तो हसायचा. कामाचं बोलणं संपलं तरी दोघांपैकी कुणी फोन ठेवत नसे. मग पत्र आलं — लोवेना कायम, बोली कायम, पूर्ण होकार! अख्ख्या गावाची मान ताठ झाली. शेवटी मात्र दोनच ओळी होत्या: यापुढे हा सिनेमा फर्गसची सहकारी सांभाळेल. त्या दिवसापासून फोन बंद. मोरवेना गावासोबत हसली खरी, पण मनातून फार दुखावली.

सिनेमा पुरा झाल्यावर पहिला खेळ लंडनला नाही, कोळ्यांच्या सभागृहात करायचा, हा तिचा हट्ट. चॅनेलने तोही पुरवला. रविवारी दुपारी हॉल खचाखच भरला. सिनेमा संपत आला असताना शेवटच्या रांगेत फर्गस उभा दिसला, तशी ती तरातरा तिथे गेली.

"सिनेमा का सोडलास?"

"जिचं काम तपासायचं, तिच्यातच जीव अडकलाय... असा माणूस निकाल काय देणार? वरच्यांना खरं सांगून टाकलं. तुला फोन करायचा, तर धीर होईना."

ती काही बोलणार, तोच पडद्यावर नावं सुरू झाली. कुणी उठलं नाही. चॅनेलच्या माणसांत त्याचं नाव नव्हतं. मग गावाची नावं आली, प्रत्येक नावाला आरोळी पडत होती. लोवेना तर रडायलाच लागली. आणि त्यात — 'रांगेतला तिसरा : फर्गस मॅकआर्डल.'

"बांगडे सांडणारा तोच हा!" काका गरजले. हॉल शिट्ट्यांनी दणाणला. फर्गसचे डोळे भरून आले.

"रागावले होते," मोरवेना हळूच म्हणाली, "तरी ते नाव खोडवेना."

खेळ संपला की तिथे खुर्च्या सगळ्यांनी मिळून उचलायच्या, हातोहात, भिंतीपर्यंत. काकांनी फर्गसला दंडाला धरून तिसरा उभा केला. दुसरी मोरवेना. तिने खुर्ची पुढे केली, त्याने धरली, पण तिची पकड काही सुटेना. मागे रांग खोळंबली.

"सोड की," तो हसून म्हणाला.

"नाही सोडणार," मोरवेना म्हणाली... अख्ख्या गावादेखत.