सुमंगलामावशींच्या भिंतीवरचं दार

कोरी भिंत दिसली की वैशालीचे हात शिवशिवत. हा रोग कोल्हापूरपासूनचा. नवरा अजय गोव्यात तुयेच्या कारखान्यात लागला आणि दोघं पार्से गावात सुमंगलामावशींच्या घरी भाड्यानं राहायला आली, तेव्हा गावभर भिंती रंगवणं चाललंच होतं. कुठे मासे, कुठे काजूची बोंडं, शाळेवर तर हा एवढा मोठा मोर! मग आपल्याच घराची मागची भिंत का म्हणून भुंडी राहावी?

"काढ गो बाय, तुला हवं ते काढ," असं म्हणून मावशी लेकीकडे कारापूरला निघून गेल्या.

त्या भिंतीत एका जागी गिलावा वेगळा होता. दाराएवढा उभा पट्टा, जरा फुगीर, टकटक केलं तर पोकळ वाजणारा. भिंतीतला दोष लपवायचा नाही, चित्रात घ्यायचा, ही वैशालीची कामाची रीत. तिनं तिथं दारच रंगवलं. निळी चौकट, गंजकी कडी, दाराची एक फळी वीतभर उघडी आणि आत काळोख. इतकं हुबेहूब, की शेजारचं मांजर तिथं येऊन थबकलं आणि शेपूट फुगवून पळालं. वैशालीला हसूच फुटलं.

दुपार कलली. अजय रात्रपाळी करून भिंतीपलीकडच्या खोलीत झोपला होता. त्याची खाट याच भिंतीला लागून. शेवटची सावली भरताना वैशालीला विडीचा वास आला. ओल्या रंगातून, अगदी जवळून. आसपास चिटपाखरू नव्हतं, आणि अजय तर सुपारीलासुद्धा शिवत नाही. तिनं त्या फटीजवळ नाक नेलं... आणि झटकन मागे सरली. रंगवलेल्या फटीतून कधी गार वारा येतो का?

"ऊन लागलंय मला, दुसरं काय," असं स्वतःशीच पुटपुटत ती ब्रश धुवायला विहिरीवर गेली.

परत येते तो मावशी भिंतीसमोर उभ्या. हातातली पिशवी गळून पडली होती, पाव मातीत लोळत होते.

"काय केलंस गो हे..."

"का वो मावशी? आवडलं न्हाई?"

"माझा दीर सगुण... पंचकाच्या वाईट नक्षत्रात गेला तो. तसा गेलेला माणूस दारातून नेत नाहीत, बाय. परतायची वाट कळते त्याला. ही भिंत फोडून बाहेर काढला, नी लगेच बुजवली." मावशींचा आवाज चिरकला. "तो कोणाला तरी सोबत न्यायला परत येतो म्हणतात... तुला आधी सांगायला हवं होतं गो. पण सांगून ही खोली कोणी घेतली असती?"

खाट. अजय. वैशालीनं पांढऱ्या रंगाची बादली उचलली, धावत भिंतीशी गेली, ब्रश बुडवला आणि हात तसाच राहिला.

फळी मिटलेली होती.

तिनं बोट फिरवलं. रंग पार वाळलेला. काळोखाची एक रेघसुद्धा कुठे उरली नव्हती.

"मावशी... तुम्ही हात लावला व्हय?"

"मी? मी कशाला लावू गो..."

एवढ्यात भिंतीपलीकडून अजयचा झोपाळलेला, अदबशीर आवाज आला.

"बसा की काका... मी सरकतो."

खाट करकरली. अजय सरकला असणार. मग जरा थांबून ती पुन्हा करकरली.