जागा भरलेली आहे

गंमत म्हणून सांगत नाहीये. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, ताईच्या बाबतीत घडलेलं आहे. ज्यांना थट्टा करायची त्यांनी खुशाल करावी.

नोकरीच्या जाहिराती ऑनलाइन लावायचं सॉफ्टवेअर बनवणारी तिची कंपनी. तिच्या शेजारच्या टेबलावर अण्णा बसायचे. खवट म्हातारा, पण ताईला हाताला धरून काम शिकवलं त्यांनीच. कुठलीही जाहिरात लावण्याआधी टेबलावर बोटाने टकटक करायची, ही त्यांची सवय.

"जागा भरली तरी जाहिरात तशीच ठेवतात मेले," ते चिडायचे. "पोरं बिचारी आशेने अर्ज करत बसतात. हे बंद करायचं, पोरी."

म्हणून त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये सुधारणा केली. हजेरीत त्या जागेवर माणूस हजर दिसला, की जाहिरात आपोआप उतरणार.

काम पूर्ण झालं... आणि अण्णा खुर्चीतच गेले.

इकडे ताईचा धाकटा भाऊ पिंट्या बेकार. त्याचं हसणं-बोलणं बंद झालेलं. मावशीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. अण्णांची जागा त्याला मिळावी, एवढंच ताईला हवं होतं.

साहेब म्हणाले, "आधी रीतसर जाहिरात लाव, मग बघू."

सुट्टीची दुपार होती. चौथ्या मजल्यावर ताई एकटीच.

तिने जाहिरात लावली.

उतरली.

'जागा भरलेली आहे.'

"काय कटकट आहे!" तिने पुन्हा लावली. पुन्हा तेच.

तिने हजेरी उघडली. अण्णांच्या जागेपुढे दिसत होतं...

हजर.

एसीची घरघर अचानक थांबली. आणि शेजारून...

टक. टक.

खुर्चीत कुणी नव्हतं. पण गादी दबलेली होती.

"अण्णा," ताई रडवेली झाली, "माझ्या भावाचा प्रश्न आहे हो. बसू द्या ना त्याला."

टकटक थांबली.

तेवढ्या एका जाहिरातीपुरता तिने अण्णांचा नियम काढून टाकला. जाहिरात राहिली.

पिंट्याला नोकरी लागली. पहिल्या दिवशी अण्णांच्या खुर्चीत बसला आणि दचकला.

"ताई, खुर्ची गरम आहे गं."

"कुणीतरी बसलं असेल रे आत्ता," तिने थाप मारली. सकाळपासून तिकडे कुणी फिरकलंही नव्हतं.

दुपारपर्यंत तो गप्प गप्प झाला. मग भराभर काम करू लागला. कुणी काही न शिकवता.

संध्याकाळी ताई म्हणाली, "चल रे, निघू या."

त्याने मान वर केली नाही. नुसतं टेबलावर बोट आपटलं.

टक. टक.

"तू हो पुढे, पोरी."

ओढतच ताईने त्याला घरी आणलं.

मावशीने हसत दार उघडलं. "आलास रे राजा?"

पिंट्या उंबऱ्याबाहेरच थांबला. आईकडे अनोळखी नजरेने बघत राहिला. मग अदबीने म्हणाला...

"आत येऊ का, वहिनी?"

ताईने तो नियम नंतर परत लावला, त्याला नोकरी सोडायला लावली, सगळं करून पाहिलं. काही फरक पडला नाही.

मावशी अजून मला फोन करते. हुंदके देत विचारते, "माझा पिंट्या कुठे गेला गं?"

काय सांगू मी तिला?

तो तिच्या शेजारीच बसलेला असतो. मला फोनवर ऐकू येतं...

टक. टक.