खांबात दडवलेलं नाव

"आऊट! सरळ आऊट!" संघर्ष नाचायलाच लागला.

"काहून आऊट? खांबाले लागला चेंडू, मले नाही!" दीपमालानं बॅट सोडली नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, आणि गुढियारी मोहल्ल्यातली ही भावंडं शेजारच्या अनुश्रीला घेऊन गल्लीतच खेळत होती. दुसरं करणार काय? गांधी बागेला कुलूप होतं! खांबावरची जुनी पाटी चोरीला गेली असं सारे म्हणत, आणि फाटकावर नवा बोर्ड चमकत होता : 'रॉयल लॉन - शादी-पार्टी के लिए संपर्क करें'.

"ए, इकडे या!" चेंडू आणायला गेलेली अनुश्री फाटकाच्या खांबाशी वाकली होती. चेंडू आदळला तिथलं प्लास्टर गळून पडलं होतं. आत पांढरा संगमरवर, आणि त्यावर कोरलेली अक्षरं : 'त्मा गां'.

"महात्मा गांधी!" दीपमाला ओरडली. "पाटी चोरीले नाही गेली. इथंच दडवली!"

तेवढ्यात बागेला कुलूप लावणारा ठेकेदार नरहरी मोटारसायकलवरून उतरला. "ए पोट्टेहो, निघा! खाजगी जागा आहे."

"काका, ही गांधी बाग आहे!"

"कसली गांधी बाग? कधी नव्हतीच! उद्या नगर निगमच्या नव्या अधिकारी मॅडम पाहायले येऊन राहिल्या. त्याच्या आत हे खांबही पाडतो." त्यानं मजुराला हाक मारून उघडी पडलेली अक्षरं लगेच सिमेंटनं बुजवली.

दीपमाला धावत घरी गेली. तिची आजी, अंजनाबाई, भाजी चिरत होती.

"हव, बाग साऱ्या पाऱ्याची, अख्ख्या मोहल्ल्याची आहे," ती हळूच म्हणाली. "पण नरहरीसोबत कोण भांडेल? गुपचूप बस."

"मी नाही बसणार गुपचूप!" दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मोठे सारे चूप बसले, म्हणून तर त्यानं कुलूप लावलं!"

आजीनं मान खाली घालून पुन्हा भाजी चिरायला घेतली.

सकाळी जेसीबी घरघरत आला, तेव्हा तिघं बॅट घेऊन खांबाला पाठ टेकून बसली होती. घाबरली होतीच, संघर्षनं तर ताईचा हात घट्ट धरला होता. पण हललं कोणीच नाही.

"दीदी, हटो ना!" ड्रायव्हर म्हणाला.

"नहीं हटेंगे भैया!"

ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं. नरहरी लालबुंद झाला. "पोलिसांले बोलावतो!"

"बोलवा! आम्हालेही त्यांले पाटीच दाखवायची आहे!" अनुश्रीनं उत्तर दिलं.

नरहरीनं संघर्षचं मनगट धरून ओढलं.

"हात सोड त्याचा!"

अंजनाबाई! तिच्या मागं पाऱ्यातल्या सगळ्या बाया. ती ताडताड आली आणि पोरांशेजारी मांडी घालून बसली. "आता मले उचलून दाखव!"

नरहरी मागं सरकला. इतक्यात मॅडमची जीप थांबली.

"मॅडम, ये तो खाली जमीन है," नरहरी घाईघाईनं म्हणाला. "इसका कोई नाम नहीं!"

"है मॅडम! दिखाऊँ?" दीपमाला उठली. बॅटच्या मुठीनं तिनं खांबावर ठोकलं. ढब! पुन्हा ठोकलं. ढब! गुळगुळीत दगडावर प्लास्टर धरलंच नव्हतं. अख्खा पापुद्रा खाली कोसळला.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं, "महात्मा गांधी बाल उद्यान." मग त्या नरहरीकडे वळल्या. "ताला खोलिए. फिर मेरे साथ चलिए. जवाब देना होगा."

गल्लीत एकच टाळ्या! "शाबाश बच्चो!" मॅडमनी तिघांच्या पाठीवर थाप मारली.

अंजनाबाईनं नातीला जवळ घेतलं. "आम्ही भेलो पोरी, तू नाही भेली. तूच मोठी!"

"पण तो बोर्ड?" दीपमालानं फाटकाकडे बोट दाखवलं.

"वो भी उतरेगा, बेटा. एक-दो दिन में."

"नहीं मॅडम! अभी!" तिघं एका सुरात ओरडली. मग पाठोपाठ अख्खा पारा ओरडला, "अभी!"

मॅडम हसल्या. मजुरानं शिडी आणली. त्यानं पाय ठेवण्याआधीच दीपमाला म्हणाली, "तू नको, भैया. ज्यानं लावला, त्यानंच काढावा!"

आणि घामाघूम झालेला नरहरी ठेकेदार, सगळ्यांसमोर, एकेक पायरी शिडी चढू लागला.