खालचा पाइप

मी दुकानात शिरत होते आणि तो बाहेर पडत होता. दार एकच, तेही अरुंद. त्याच्या खांद्यावर काळ्या रबरी पाइपांचं भलंमोठं वेटोळं आणि माझ्या दोन्ही हातांत, तान्ह्या बाळासारखी जपून धरलेली, एक वाकडीतिकडी तार. व्हायचं तेच झालं. वेटोळं तारेवर आदळलं आणि सकाळभर खपून तिला दिलेला आकार पार बिघडला.

"सॉरी... तारच होती ना?" तो म्हणाला.

"तार नव्हती," मी दात आवळून म्हटलं. "माझ्या जीपच्या रेडिएटरचा पाइप होता."

दुसरा कुणी असता तर हसला असता. याने वेटोळं खाली ठेवलं, तार हातात घेतली, उजेडाकडे धरून तिची उरलीसुरली वळणं पाहिली आणि विचारलं, "इंजिन कुठलं, गाडी कुठली?" खरं सांगते, मला तो तिथेच आवडला. पण भांडायच्या तयारीत असलेल्या मुलीने इतक्या लवकर विरघळून कसं चालेल? कपाळावरची आठी मी तशीच ठेवली.

गाडी माझ्या बाबांची. डोंगरातल्या वाटांवर त्यांनी ती अर्धं आयुष्य चालवली, आणि तिचं पेट्रोल इंजिन जाम झालं तेव्हा शेडमध्ये ढकलून तिच्यावर ताडपत्री टाकली. यंदा भंगारवाला येऊन तिच्या दारावर खडूने फुली मारून गेला आणि मी हट्टाला पेटले. आमच्या घराला लागूनच माझ्या मामांचं गॅरेज आहे, गाडी तिथे ढकलत नेली. त्यांनी एका मोडक्या टेम्पोचं धडधाकट डिझेल इंजिन शोधून आणलं. बाबांनी एकच अट घातली. शहराबाहेरच्या डोंगरावर दर वर्षी जीपगाड्यांची चढाई होते. तिथे न थांबता, कुणी न ढकलता गाडी माथ्यावर पोचली तर किल्ली माझी. नाहीतर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही, असंही वर ऐकवलं.

टेम्पोचं इंजिन जीपच्या पोटात बसवणं एकवेळ जमतं. त्याला पाणी आणि डिझेल पोचवताना माणूस मेटाकुटीला येतो. इंजिनाचं तोंड डावीकडे, रेडिएटरचं उजवीकडे. एकाचं रुंद, दुसऱ्याचं अरुंद. असा पाइप तयार मिळत नाही, कारण अशी गाडीच कुणी बनवलेली नसते. म्हणून एक जाड तार घ्यायची, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत अडथळे चुकवत वळवायची आणि ती घेऊन दुकान गाठायचं. ट्रक असो, बस असो, ट्रॅक्टर असो, ज्याचा पाइप तारेशी जुळेल तो आपला. तार वळवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि दिवसभर मी तारांनाच आकार देत बसलेली असते.

"मी बिघडवलं, मीच नीट करतो," तो म्हणाला. "गाडी कुठे उभी आहे?"

दुकान त्याचंच होतं, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी तो खरंच गॅरेजमध्ये आला. बाह्या सरसावून बॉनेटमध्ये वाकला आणि तार वळवू लागला. इतकी बेढब वळवली की माझ्याच्याने बघवेना. मी ती काढून घेतली आणि दोन चिमट्यांनी सरळ करून पुन्हा वळवली. तो बाजूला उभा राहून माझे हात बघत होता, हे मला न बघताही कळत होतं.

"कवळीबाई," तो म्हणाला, "तुम्ही बसवलेला दात हलायची हिंमत करत नसेल."

"तुमचे सगळे जागेवर आहेत ना? नसतील तर सांगा. ओळखीत करून देईन."

मामा तिकडे चाकाआडून खोकले. मामांना खोकला कधी येतो हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग माझ्या दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आत गेलं की रबराचा उग्र वास, छतापर्यंत लटकलेले पाइप आणि सगळ्यांवर पांढरी पावडर, नव्या पाइपांवर असते तशी. तो शिडीवर चढून एकेक पाइप खाली द्यायचा, मी तारेशी लावून बघायची आणि मान हलवायची. वरचा पाइप शेवटी दोन तुकड्यांचा झाला. अर्धा बसचा, अर्धा ट्रॅक्टरचा, मध्ये पत्र्याची नळी आणि दोन्हीकडे क्लिपा. डिझेलच्या नळ्या त्याने दोन कापल्या. एकच पुरे की, असं मी म्हटल्यावर त्याने समजावलं की पेट्रोलला एक चालते. डिझेलमध्ये पंप जास्तीचं ओढतो, ते परत टाकीत यायला वेगळी नळी लागते.

"आणि जास्तीचं गिऱ्हाईक?" मी विचारलं.

"त्याला चहा देतो," तो म्हणाला आणि शिडीवरून उतरून खरंच चहा सांगायला गेला.

घरी आईने विचारलं, एका गाडीला किती पाइप असतात गं? मी म्हटलं, पुष्कळ असतात. आईने मान डोलावली आणि जास्त चौकशी केली नाही.

खालचा पाइप मात्र मिळता मिळेना. रेडिएटरच्या तळापासून इंजिनाच्या पंपाकडे जाणारा हा पाइप, त्याला चांगली तीन वळणं. एका दुपारी अगदी मागच्या खुंटीवर तो सापडला. मी तार लावली, आणि वळणात वळण बसलं. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. दोघंही वेड्यासारखे हसत होतो. मग त्याचा हात उठला, माझ्या चेहऱ्याच्या जवळ आला आणि वाटेतच थांबला.

"इथे... पावडर लागलीय," तो आपल्याच गालाला बोट लावून म्हणाला.

मी मुद्दाम दुसरा गाल पुसला. पाइप कागदात गुंडाळून देताना त्याने गाठ तीनदा चुकवली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा गॅरेजचे पत्रे थरथरले. मामांनी मला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. बाबासुद्धा चपला न घालता बाहेर आले, पण सुरू होणं वेगळं आणि चढणं वेगळं, एवढंच बोलून आत गेले.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. चढाईच्या आदल्या दिवशी मी गाडी गॅरेजमागच्या टेकाडावर घातली. सपाटीवर टेंपरेचरचा काटा शहाण्या मुलासारखा मधोमध होता. चढावर रेस दिली आणि तो वर सरकू लागला... सरकतच राहिला, तो लाल पट्ट्यापर्यंत. गाडी थांबवून बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. मामांनी हात टेकले. रेडिएटरच लहान पडतोय, आता एका दिवसात काही होणार नाही, असं ते म्हणाले. बाबांनी सगळं पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परवा भंगारवाल्याला बोलावतो म्हणून सांगितलं. तो हात जड लागला. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

निरोप मिळताच तो दुकान बंद करून आला. गाडी निवली होती. मी डोळे पुसले आणि त्याला स्टिअरिंगवर बसवलं.

"तुम्ही रेस द्या. मी बघते."

रेडिएटर लहान असता तर सपाटीवरही काटा थोडा वर जायला हवा होता, असं माझ्या मनाने घेतलं होतं. त्याने रेस वाढवली. मी टॉर्च घेऊन बॉनेटमध्ये डोकं घातलं. वरचा पाइप टणक, फुगलेला. आणि खालचा... खालचा पाइप माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला आणि चपटा होऊन बसला. रेस कमी केली की पुन्हा गोल. पंप जोरात पाणी ओढत होता आणि पाइप स्वतःचाच गळा आवळून घेत होता.

तो खाली उतरला. इंजिन बंद करून त्याने पाइप दोन बोटांत दाबला आणि त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे. खालच्या पाइपात आत स्प्रिंग लागते, म्हणजे तो मिटत नाही. याच्यात नाहीये."

"अरे, पाइप विकतोस ना तू?" मामा भडकले. "खालचा पाइप दाबून बघितल्याशिवाय देतात का?"

"आजवर कधी दिला नाही, मामा."

"मग हिलाच बरा दिलास?"

गर्दी होती, घाई होती, असं काहीही त्याला सांगता आलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"पाइप हातात होता," तो म्हणाला, "पण लक्ष... लक्ष त्यांच्या गालाकडे होतं. म्हणजे पावडरीकडे. म्हणजे..." त्याने एक श्वास घेतला. "मला त्या आवडतात. फार आवडतात. पाइपाबद्दल मात्र माफी मागतो."

मामांना एकाएकी कुठल्याशा पान्याची आठवण झाली आणि ते गॅरेजच्या मागे गेले.

मला राग यायला हवा होता. उद्या चढाई, बाबांनी आशा सोडलेली, आणि हा माणूस हातात चपटा पाइप घेऊन असलं काही बोलत होता. पण माझ्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. गालांवर या वेळी पावडर नव्हती, तरी ते लपवावेसे वाटले.

"उत्तर उद्या," मी म्हटलं. "आधी स्प्रिंग."

त्याच्या दुकानात स्प्रिंगचे पाइप होते, पण एकाचंही वळण जुळणारं नव्हतं. तेव्हा स्प्रिंगच करायची ठरली. मामांकडे न गंजणारी जाड पोलादी तार होती. एक सळई व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. तो तार ताणून धरायचा आणि मी वेढे घालत जायची, एकासारखा एक. त्याचे तळवे लाल झाले, पण त्याने तार सैल सोडली नाही. दोन्ही टोकं मी आत वळवून घासून गुळगुळीत केली. कवळीची तार हिरडीला टोचू नये म्हणून करतो तशी, म्हणजे रबर फाटणार नाही. मग साबणाच्या पाण्याने बुळबुळीत करून ती स्प्रिंग तिन्ही वळणांतून सरकवली. पाइप परत चढवला, रेस दिली. पाइप जागचा हलला नाही.

चढाईच्या मैदानात आमची जीप सगळ्यांत विटकी होती. दारावरची खडूची फुली मी मुद्दाम पुसली नव्हती. लोक बोट दाखवत होते, हसत होते. नियमाप्रमाणे शेजारी एक माणूस हवा. मामांनी आपल्या पोटाकडे बघितलं आणि गाडीवर एवढं ओझं नको म्हणत त्याला पुढे ढकललं.

पहिला टप्पा सोपा. दुसऱ्यात सुटे दगड. आमच्या आधीची चकचकीत गाडी तिथेच अडकून बाजूला लागली होती. मी आमची जीप पहिल्या गिअरमध्ये सावकाश घातली. इंजिन घुमत होतं, सीट हादरत होती, दोघांचे खांदे पुन्हा पुन्हा एकमेकांवर आदळत होते. शेवटच्या वळणावर मागचं चाक मातीत फिरू लागलं. गाडी जागीच धडपडली. रेस सोडली असती तर संपलं असतं.

"काटा?" मी ओरडले.

"मधोमध. दे रेस."

मी पाय दाबून धरला. इंजिनाने डोंगर डोक्यावर घेतला. चाकाला कुठेतरी दगड लागला, गाडीने उसळी घेतली आणि समोर आभाळाखेरीज काही दिसेना. मग पुढची चाकं खाली टेकली. आम्ही माथ्यावर होतो.

खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्टिअरिंग सोडलं. त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. या वेळी तो वाटेत थांबला नाही.

माथ्यावर बाबा उभे होते. येणार नाही म्हणाले होते, आणि सकाळीच पायवाटेने चढून आले होते. त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दारावरची फुली रुमालाने पुसून टाकली.

"किल्ली तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले. मग त्यांची नजर शेजारच्या सीटवर गेली. "आणि हे?"

"मी... पाइपांचं दुकान..." तो गडबडीने उतरू लागला. मी त्याचा हात सोडला नाही.

"बाबा, हा मला आवडतो. याने काल सांगितलं, मी आज सांगतेय."

बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग वाकून आत डोकावले.

"टाकीत डिझेल किती आहे?"

"अर्ध्याच्या वर."

"मग पलीकडच्या बाजूने उतरा," बाबा म्हणाले. "रस्ता लांबचा आहे. मी तुझ्या मामाबरोबर घरी जातो."