त्याच कापडाचा धागा

"जुन्या कॅमेऱ्याला काय धाड भरली होती?" सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे अशा बेताने, की शेजारी बसून कोटाचं अस्तर उसवणाऱ्या सुनेला अक्षरन् अक्षर ऐकू जावं. "माणसं दिसतात, आवाज येतो. आणखी काय आत शिरून बघायचंय?"

सुनेच्या ओठांत टाचणी होती, आणि ओठांत टाचणी असताना सासूच्या तोंडी लागू नये हे ती फार पूर्वी शिकली होती.

गल्लीत तिला सगळे रफूवाली म्हणत. ठिगळ कुणीही लावतं. रफूचं तसं नाही. भोकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उभे धागे भरायचे, मग त्यांतून आडवे काढायचे, एकाच्या वरून, एकाच्या खालून, मूळ विणीशी वीण जुळवत. आणि धागा बाजारातून आणायचा नाही. तो त्याच कापडाचा लागतो. आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून, जिथं कुणाचं लक्ष जात नाही अशा जागेवरून तो हलक्या हाताने ओढून काढायचा. ही विद्या तिला सासूबाईंनी दिली होती, शिव्यांसकट. सासूबाईंचा स्वतःचा हात असा, की गिऱ्हाईक कोट घेऊन घरी जायचं आणि तासाभरात भांडायला परत यायचं: हा माझा नव्हे, माझ्याला भोक होतं.

पण हल्ली भोक पडलं की लोक कोट टाकून देतात. दुकान बंद झालं. मग रफूवालीने घरातल्या खिडकीपाशी टेबल मांडलं, जुन्या कॉम्प्युटरवर एक डोळ्याएवढा कॅमेरा चिकटवला आणि शिकवणी सुरू केली. दूरदूरच्या बाया पडद्यावर येऊ लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या नावावर स्वतःचं असं काहीतरी जमलं होतं, आणि आता तेच हातचं जायला निघालं होतं.

"बाई, तुमची सुई दिसते," एक शिंपीणकाकू भर वर्गात म्हणाल्या होत्या, "पण दोरा कुठून कुठं जातो ते आम्ही काय अंदाजाने धरायचं? नुसतं धुकं दिसतंय. असंच चालायचं असेल तर मला या महिन्यानंतर धरू नका." आणि बाकीच्या चौकटींतल्या माना, न सांगता ठरल्यासारख्या, एकदम हलल्या होत्या.

म्हणून नवा कॅमेरा. त्यात भांडण होण्यासारखं काय होतं हेच तिला कळेना. पण घर असं पेटून उठलं होतं, जसं काही ती घर विकायला निघाली होती.

नवरा म्हणाला, "कला तुझ्या हातात आहे. ती काय कॅमेऱ्यात आहे?" एवढ्या वर्षांत त्याने तिच्या हाताचं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही मोडता घालायला.

लेक परगावी नोकरीला होती. तिने फोनवर तेच केलं. "आई, एवढा भारी कशाला? साधा घे. तुझं नेट तरी पेलणार आहे का?"

"तू दरवर्षी फोन बदलतेस, ते पेलतं?"

"माझी गोष्ट वेगळी."

"तुझा तर कॅमेरासुद्धा कधी चालू नसतो. दोन वर्षं झाली, तुझ्या नावाची काळी चौकट बघून बोलतेय मी. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"केस विंचरले नाहीत गं," लेक म्हणाली. ती नेहमी हेच म्हणे. दोन वर्षांत तिने एकदाही केस विंचरले नव्हते असं धरायचं.

दोन वर्षांपूर्वी रफूवाली आजारी पडली होती. नवऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ताप. सासूबाईंच्या सांगण्याप्रमाणे जिन्यावरून पडली. लेक नुसतं "ते झालं तेव्हा" म्हणे. तिला स्वतःला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा सासूबाई उशाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या मधल्या बोटात पितळी टोपण होतं, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ते. तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला होता, बाई धन्य आहे! सून अंथरुणाला खिळली तरी हिचं काम काही सुटत नाही.

त्यानंतर मात्र सासूबाईंनी सुई हातात धरली नाही. डोळे गेले म्हणाल्या. बोटंही थरथरू लागली. आणि लेकीने घाईघाईने परगावची नोकरी धरली.

हे सगळं रफूवालीला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि एकापुढे एक मांडून बघणं वेगळं.

कॅमेऱ्याचा दुकानदार गिऱ्हाइकाच्या गळ्यात चढा माल घालण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध होता. तिने सोबत एक कोटाची बाही नेली होती, तपासायला. त्याने दोन कॅमेरे काढले. एक साधा. दुसरा फोर-के, हात हलला की स्वतःच फोकस धरणारा, वाकवाल तिकडे वाकणाऱ्या दांडीवर बसवलेला. "ताई, यात उंदराच्या मिशा मोजता येतील," तो म्हणाला आणि मोठ्या पडद्यावर बाही दाखवली.

ती बघतच राहिली. प्रत्येक धाग्याचा पीळ दिसत होता. पिळातून निसटलेली लव दिसत होती. तिचंच जुनं रफू, जे तिला स्वतःला चष्मा लावून सापडत नव्हतं, ते पडद्यावर शेतातल्या बांधासारखं उठून आलं.

"हा सेकंदाला किती चित्रं घेतो, अंधारात कसा चालतो..." दुकानदाराची गाडी चालू होती. बोलता बोलता त्याने दांडी वर केली. "आणि हा बघा तुमचा चेहरा..."

गाडी थांबली.

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत पडद्याकडे. आणि पडदा स्वतःकडे वळवून घेतला. पण त्याआधी तिला ओझरतं दिसलं होतं. डाव्या गालावर, कानाखालून हनुवटीपर्यंत, बारीक, अतिशय बारीक जाळी.

"ते काय होतं?"

"काही नाही. विणीचं कापड समोर असलं की कॅमेऱ्याला अशी जाळी दिसते. होतं तसं."

"कापड टेबलावर आहे," ती म्हणाली. "माझ्या तोंडावर नाही."

दुकानदाराने साधा कॅमेरा पुढे सरकवला. "ताई, तुम्ही हा घ्या. स्वस्तही पडेल."

ज्या माणसाने जन्मात कुणाला स्वस्त माल सुचवला नाही तो असं म्हणाला, तेव्हाच खरं तर तिने उठायला हवं होतं. पण तिला राग आला. घरात तेच, दारात तेच.

"का? त्यात काय खोट आहे?"

"खोट नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तो सगळंच दाखवतो."

"मग मला सगळंच बघायचंय. बांधा."

त्याने बांधून दिला. सुटे परत देताना तिच्या तळव्याला बोट लागू नये म्हणून ते काउंटरवर ठेवले.

नवा कॅमेरा घरी आला आणि घरात उघड लढाई सुरू झाली. पहिल्याच सकाळी चित्र जुन्यापेक्षाही धूसर. ती भिंगापाशी गेली. भिंगावर अंगठ्याचा तेलकट ठसा होता. चष्म्याच्या फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठसा, आणि त्याला सांधेदुखीच्या बामाचा वास. घरात बाम एकच माणूस लावत होतं.

"भिंगाला हात कुणी लावला?"

"मला काय करायचंय तुझ्या भिंगाला?" सासूबाई म्हणाल्या आणि बोटं पदरात लपवली.

मग एकदा वायरच नाहीशी झाली. ती कपाटावर, जुन्या पिशव्यांच्या आड सापडली, जिथं या घरात फक्त नवऱ्याचा हात पोचतो. त्याला विचारलं तर तो वर्तमानपत्रामागून म्हणाला, "घरात उंदीर झालेत."

"वर्तमानपत्र वाचणारे?"

त्याने पान उलटलं.

जेवताना तिचा तोल सुटला. "या घरात मी चार पावलं पुढं गेलेली कुणाला बघवत नाही. खरं आहे ना?"

नवऱ्याने ताटातली मान वर केली नाही. सासूबाईंनी केली. त्यांनी सुनेच्या डाव्या गालाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"बघवत नाही," त्या म्हणाल्या. "हे मात्र खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रफूवालीने वर्गाआधी दाराला आतून कडी घातली, भिंग पुसलं, खिडकी सताड उघडली. उन्हाने टेबल भरून गेलं. चौकटी एकेक उमटल्या. शिंपीणकाकू, बाकीच्या बाया, आणि कोपऱ्यात लेकीची काळी चौकट. लेक अधूनमधून अशी वर्गात येऊन बसे, न बोलता. आईला वाटे, पोरीला आठवण येते.

"आधी नमस्कार करते, मग कॅमेरा हातावर घेते," ती म्हणाली आणि दांडी चेहऱ्याकडे वळवली.

"अगंबाई, किती स्वच्छ!" शिंपीणकाकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या गालाला काहीतरी लागलंय. दोरा दिसतोय."

हसण्यासारखंच होतं. रफू करणाऱ्या बाईच्या अंगावर दोरा नसेल तर कुणाच्या?

तिने पडद्यावर पाहिलं. कानाच्या पाळीखालून एक टोक बाहेर आलं होतं. कातडीच्या रंगाचं. पापणीच्या केसाहून बारीक.

या धंद्याची एक खोड असते. सुटं टोक दिसलं की विचार करायला डोकं लागत नाही, हात जातो. आधी हात चुकून उजव्या गालावर गेला, कारण बायांना उजवं-डावं नीट कळावं म्हणून तिने चित्राची आरशासारखी उलटापालट बंद केली होती. मग तो डावीकडे आला. दोन नखांच्या चिमटीत टोक सापडलं.

तिने ओढलं.

दुखलं नाही. दुखलं असतं तर ती इतकी घाबरली नसती.

धागा आला. सुताच्या वाटेने, सरळ, न अडकता. पडद्यावर गालाला चुणी पडली, जशी ओढलेल्या कापडाला पडते, आणि डाव्या डोळ्याची कड त्या चुणीबरोबर खाली उतरली. चुणीच्या पलीकडे उभे धागे. उभ्यांतून आडवे. एकाच्या वरून, एकाच्या खालून.

वीण तिने ओळखली. जगात असा हात एकच होता.

"आई." काळ्या चौकटीतून आवाज आला. "आई, ओढू नकोस."

बाहेरून दार वाजत होतं. कडी निघाली की तुटली हे तिला कळलं नाही. सासूबाई आत आल्या, मागून नवरा. सासूबाईंनी थरथरत्या हाताने तिचं मनगट धरलं.

"सोड. सोड म्हणते ना! आणि ह्या बायांना घालव."

नवऱ्याने बटणं दाबली. शिंपीणकाकू गेल्या. बाकीच्या गेल्या. काळी चौकट राहिली.

"मला काय झालं होतं?" रफूवालीने विचारलं. तोंड नीट मिटत नव्हतं.

"ताप," नवरा म्हणाला. "तुला ताप..."

"पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. त्या पोराकडे नाही, सुनेकडे बघत होत्या. "तू गेली होतीस. जिन्याच्या तळाशी पडली होतीस, आणि गेली होतीस. पोरगी ऊर फोडत होती. मला दुसरं काय येत होतं?"

खिडकीतून कुणाच्या तरी सायकलची घंटी ऐकू आली. नवरा खुर्चीत बसला.

सासूबाईंनी कंबरेची पिशवी सोडली. तीतून पितळी टोपण काढलं, सुई काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझ्याच्याने आता होणार नाही. धरलं तर भलतीकडे टोचेन. तुझं तुलाच भरावं लागेल." त्यांनी दांडी वाकवली, कॅमेरा सुनेच्या गालासमोर आणला आणि पदराने भिंग पुसलं. पहिल्यांदाच, चांगलं, गोल गोल. "आणलायस ना चांगला. बस आता बघत."

रफूवालीने टोपण बोटात घातलं. ते बरोबर बसलं. पडद्यावर सगळं दिसत होतं. कुठून सुरू करायचं तेही दिसत होतं. आणि मग कुठलीही रफूवाली जे आधी विचारते तेच तिने विचारलं.

"धागा कुठून काढला होता?"

नवरा जमिनीकडे बघत राहिला. सासूबाईंनी पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

कोपऱ्यातली काळी चौकट उजळली.

लेक खिडकीला पाठ करून बसली होती. भर उन्हाळ्यात अंगात लांब बाह्यांचा सदरा. केस नीट विंचरलेले. तिचा कॅमेरा साधाच होता, चित्र धूसर. तिने बाहीचं बटण काढलं, बाही दंडापर्यंत दुमडली आणि हात उचलून आतली बाजू आईला दाखवली, जिथं सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

मनगटापासून कोपरापर्यंत, मागच्या खिडकीचा उजेड, विरलेल्या कापडातून यावा तसा, हातातून आरपार येत होता.

"माझा आहे, आई," लेक म्हणाली, आणि दुसऱ्या बाहीचं बटण काढू लागली. "रडू नकोस. हा हात अजून अख्खा आहे."