युजीनने काढलेला चोर-स्विच

आगाशीच्या नाक्यावर युजीन मेस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. पण विरारपासून निर्मळपर्यंत कुणाची गाडी हट्टाला पेटली की ती शेवटी याच पत्र्याखाली येई. युजीन हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ होता. गाडी कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो ड्रायव्हर, असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा, आणि तेव्हा ड्रायव्हर शेजारीच उभा असला तरी त्याला काही वाटायचं नाही.

बंद पडलेल्या गाडीचं त्याचं शास्त्र तीन शब्दांत आटपायचं. पेट्रोल, करंट, दाब. तिन्ही असतील तर इंजिन चालणारच. चालत नसेल तर तिन्हींतलं एक नाही, ते शोधायचं. वीस वर्षांत या शास्त्राने त्याला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं, आणि त्याची त्याला जरा जास्तच घमेंड होती.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका सोमवारी निर्मळचा व्हिन्सेंट त्याच्याकडे आला. बागायतदार माणूस. केळी, फुलं, भाजी सोपारा स्टेशनला पोचवायला त्याने जुनी निळी पेट्रोल व्हॅन घेतली होती. ती चालवायला जूचंद्रचा शत्रुघ्न होता. तो आठवडाभर व्हिन्सेंटच्या वाडीतल्या खोपीत राहायचा आणि रविवारी आईकडे जायचा.

"चार महिने झाले," व्हिन्सेंट म्हणाला. "गासच्या पुढे खाजणाजवळ वळण आहे ना, मोरीपाशी, तिथे रोज बंद पडते. दुसरीकडे कुठेच नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू."

"माल कमी भरतो?"

"तेच तर. एक जुडी कमी नाही. पण माझ्या मेहुण्याने पाहिलं. मागचं दार सताड उघडं आणि हा शत्रुघ्न बाजूला अदबीने उभा. निघाली तेव्हा गाडी मागून दबलेली." व्हिन्सेंटने आवाज खाली आणला. "खाजणात हातभट्ट्या आहेत, युजीन. हा माझ्या गाडीतून दारूच्या ट्यूबा नेतो. तू फक्त सांग, गाडीत खरोखर बिघाड आहे का. नसेल तर शुक्रवारी मी त्याला चौकीवर देतो."

युजीनला हे पटलं. ड्रायव्हरच्या बाबतीत त्याला वाईट ते लगेच पटायचं.

मंगळवारी सकाळी तो शत्रुघ्नच्या शेजारी बसून निघाला. शत्रुघ्न तिशीचा, अंगाने काटक, पण बसताना उठताना कंबरेवर हात ठेवायचा. मागे मोगऱ्याच्या आणि वांग्यांच्या पाट्या होत्या. गास मागे पडलं, दोन्ही बाजूंना खाजणाची खारी दलदल लागली, आणि मोरीपाशी इंजिन बंद पडलं. धक्का नाही, खोकला नाही. कुणी किल्ली फिरवावी तसं.

युजीनचं लक्ष शत्रुघ्नच्या हातांवरच होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

त्याने बॉनेट उघडलं. पंपाची नळी काढली, पेट्रोल भसाभस आलं. प्लगची वायर इंजिनपासून बोटभर लांब धरली, निळीशार ठिणगी उडाली. प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि शत्रुघ्नला स्टार्टर मारायला सांगितलं. दाबाने अंगठा उडाला. तिन्ही होती. सगळं परत जोडलं, स्टार्टर मारला, इंजिन नुसतं गरगरलं.

"तुज्याकडून नाय व्हायचं, मेस्त्री," शत्रुघ्न हळूच म्हणाला. मग चूक लक्षात येऊन त्याने शब्द सावरले. "तुमच्याकडून, बोलतोय. मागचं दार उघडायला लागतं."

"का?"

"त्यांना चढायचं असतं."

"कुणाला?"

"मना ठावं नाय. मी पाठ करून उभा रातो." तो गेला, मागचं दार उघडलं, आणि खरंच रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. खाजणावर ऊन होतं, बगळे होते, आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं. थोड्या वेळाने शत्रुघ्नने दार लावलं, किल्ली फिरवली, आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली.

युजीन खाली उतरून मागे गेला. निघताना टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जात होती, हे त्याने सवयीने पाहून ठेवलेलं होतं. आता दोन जात होती. आत फक्त पाट्याच होत्या.

सोपारा स्टेशनला माल उतरल्यावर शत्रुघ्नने मागचं दार धरलं आणि रिकाम्या गाडीला हळू आवाजात म्हणाला, "उतरा." मग युजीनला म्हणाला, "हे बोलाय लागतं, मेस्त्री. ज्यानं चढवलं त्यानंच बोलायचं. एक दिवस इसरलो व्हतो तं माजी कंबर गेली."

युजीनच्या डोक्यात तोवर चोर-स्विच आलेला होता. मुंबईचे टॅक्सीवाले चोरांच्या भीतीने लपवून लावतात तसलं गुपचूप बटण. पायाने दाबलं की करंट बंद. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचंही काहीतरी केलेलं असणार. गडी नाटक झकास करत होता, हे मात्र त्याने मनात कबूल केलं.

बुधवारी त्याने व्हॅन सोलून काढली. गालिचा काढला, डॅशबोर्ड काढला, बॅटरीपासून कॉइलपर्यंतची वायर हाताने चाचपून टाकून दिली आणि नवी ओढली. पॉइंट नवे, कंडेन्सर नवा. खाली पडून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पान न् पान तपासलं. चोर-स्विच नव्हता. बिघाड नव्हता. संध्याकाळी हात धुताना त्याला स्वतःचाच राग आला होता. बिघाड सापडला नाही असं गिऱ्हाइकाला सांगायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती.

गुरुवारी त्याने शत्रुघ्नला व्हिन्सेंटच्या वाडीवर बसवून ठेवलं आणि माल भरून गाडी स्वतः एकट्याने काढली.

मोरीपाशी गाडी बंद पडली.

त्याने आधी मोरीखाली वाकून पाहिलं. मग खाजणाच्या बांधावर चढून लांबवर नजर टाकली. शत्रुघ्नचा कुणी साथीदार असेल तर तो इथेच कुठेतरी असायला हवा होता. कुणी नव्हतं. मग पेट्रोल पाहिलं, करंट पाहिला, दाब पाहिला. तिन्ही होती. ओळखीचा दूधवाला थांबून म्हणाला, "काय मेस्त्री, तुमचीपण बंद पडते का?" आणि हसत गेला. ते हसणं युजीनला फार लागलं. पाऊण तास झाला. मोगरा उन्हात मान टाकायला लागला.

शेवटी रस्ता दोन्हीकडे रिकामा आहे हे बघून त्याने मागचं दार उघडलं. पाठ मात्र केली नाही. तो मेस्त्री होता, बघणं हे त्याचं काम होतं.

दाराखाली चढायला लोखंडी पायरी होती.

ती खाली दबली आणि वर आली.

पुन्हा दबली. स्प्रिंगचा पाटा करकरला. पायरी वर आली.

आतली वांग्याची पाटी जागची सरकली. कुणी पायाने बाजूला सारावी तशी, बेताने. मग मोगऱ्याची सरकली. गाडीच्या मधोमध जागा झाली.

पायरी दबत होती, वर येत होती. त्याने मोजायला सुरुवात केली होती. चारनंतर त्याने मोजणं सोडलं, कारण त्याला भीती वाटली. ती भीती त्याने नंतर बायकोलासुद्धा सांगितली नाही.

ओल्या खाजणाच्या चिखलाचा वास आला. मग पायरी स्थिर झाली.

त्याने दार लावलं. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली.

सोपाऱ्यापर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही. गाडी जड चालत होती, प्रत्येक वळणावर अंग टाकत होती. स्टेशनला नथू हमालाने पाट्या उतरवल्या. आता दार धरून एक शब्द बोलायचा होता. पण गाडीभोवती टांगेवाले होते, भाजीवाल्या होत्या, आणि नथू विडी पेटवून त्याच्याकडेच बघत होता. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस भर बाजारात रिकाम्या गाडीला "उतरा" म्हणतो, हे संध्याकाळपर्यंत आगाशीत पोचलं असतं.

युजीनने दार लावलं आणि गाडी परत वळवली.

गॅरेजवर व्हिन्सेंट वाट बघत होता. शत्रुघ्नला त्याने बरोबर आणून एका उलट्या डब्यावर बसवलं होतं.

"बोल," व्हिन्सेंट म्हणाला.

युजीनने एकदा शत्रुघ्नकडे पाहिलं. खरं सांगायचं तर काय सांगणार होता तो? की मला बिघाड सापडला नाही, आणि तुझा ड्रायव्हर म्हणतो ते बरोबर आहे? त्याची जीभ आपोआप वळली.

"चोर-स्विच होता. पायाखाली लपवलेला. काढून टाकला मी."

"बघ," व्हिन्सेंट शत्रुघ्नला म्हणाला. "मी म्हणत होतो."

"चौकीबिकी नको, व्हिन्सेंटभाऊ. काढून टाका कामावरून, झालं." एवढं म्हटल्याने युजीनला आपण दयाळू आहोत असंही वाटून गेलं.

शत्रुघ्न रागावला नाही. तो उठला आणि युजीनकडे न बघता व्हॅनच्या मागच्या चाकाजवळ गेला. टायरच्या वर त्याने बोटं घातली. दोनच गेली.

"मेस्त्री, उतरा बोलला ना तुमी?"

"निघ आता," युजीन म्हणाला.

शत्रुघ्नने मान हलवली आणि तो रस्त्याला लागला. युजीन हात धुऊन आला तेव्हा व्हॅन सरळ उभी होती. चाकावर चार बोटं जात होती. व्हिन्सेंट खूश होऊन ती घेऊन गेला. शुक्रवारी आणि शनिवारी ती मोरीवरून बिनतक्रार गेली, आणि युजीन मेस्त्रीने चोर-स्विच कसा पकडला ही गोष्ट नाक्यावर रंगायला लागली.

त्या शुक्रवारीच युजीनच्या स्कूटरचं मागचं टायर बसलं. पंक्चर काढलं. शनिवारी पुन्हा बसलं. घरी जाताना रोजच्या सपाट रस्त्यावर स्कूटर पहिल्या गिअरच्या वर जाईना. कंबर धरली होती. घराच्या मागे, बायको सालोमी विहिरीवर गेलेली पाहून, त्याने एकदाचं तोंडातल्या तोंडात "उतरा" म्हणून घेतलं. काही फरक पडला नाही.

रविवारी तो मिस्साला गेला. चर्च भरलेलं होतं. त्याच्या बाकावर तो एकटाच होता. लोक येत, बाकाजवळ थांबत आणि पुढे जात. क्लेमेंट, त्याचा लहानपणचा सोबती, बाकापर्यंत आला, हसला, आणि मागे भिंतीला टेकून तासभर उभा राहिला.

बाहेर पडल्यावर युजीनने विचारलं, "माझ्याशेजारी बसायला काय झालं होतं?"

"कुठे बसणार होतो?" क्लेमेंट म्हणाला. "तुझ्या बाकावर जागा होती का?"

युजीन घरी गेलाच नाही. तो तसाच चर्चच्या कपड्यांत लोकल पकडून नायगावला उतरला आणि चालत जूचंद्रला गेला. वाटेत तीनदा बसावं लागलं. शत्रुघ्नच्या पाया पडायचं त्याने ठरवलं होतं. व्हिन्सेंटला सगळं खरं सांगायचं, नोकरी परत मिळवून द्यायची, आणि बदल्यात एवढंच मागायचं, की पुढे काय करायचं ते सांग. आपण एका सरळ माणसाचं नाव खराब केलं, याची त्याला आता खरोखरच लाज वाटत होती.

दुपार होती. घरापुढच्या ओटीवर शत्रुघ्नची आई कृष्णाबाई तांदूळ निवडत होती. शत्रुघ्न नव्हता.

"मिठागरावर लागला कामाला," ती म्हणाली. "परवापासून."

"त्याला परत पाठवा, बाई. माझी चूक झाली. मी व्हिन्सेंटभाऊंना सांगतो. माझ्या तोंडाने सांगतो. त्याची काही चोरी नव्हती."

"मना ठावं हाय त्याची चोरी नव्हती." तिच्या आवाजात राग नव्हता. "पन त्याला आता मोटार नको. चार महिन्यांत काल पयल्यांदा पोरगा पाठ टेकून निजला. तुमी त्याला सोडवलात, बाबा. तुमचं भलं होवो."

युजीन ओटीच्या पायरीवर टेकला.

"लांबून आलाय," कृष्णाबाई म्हणाली. "पानी देते."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, आणि बराच वेळ होत राहिला. मग ती एका हातात पाण्याची कळशी आणि दुसऱ्या हातात परात घेऊन बाहेर आली. परातीत पेले होते. एक भरून तिने युजीनच्या हातात दिला. बाकीचे सात तिने एकेक करून भरले, ओटीच्या कडेला ओळीने ठेवले, आणि तांदळाचं सूप उचलून, जागा व्हावी म्हणून, भिंतीकडे सरकून बसली.